साकीनाक्याच्या गाळ्यातला आवाज

फोन गोळा करायचं काम माझं होतं. महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी साडेबाराला, साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावरच्या गाळ्याच्या शटरपाशी मी प्लास्टिकचं स्टूल टाकून बसायचे. पायाशी दुधाच्या पिशव्यांचा निळा क्रेट. येणाऱ्याने फोन बंद करून क्रेटमध्ये ठेवायचा, मी त्याला नंबराची चिठ्ठी द्यायचे आणि मगच तो आत जायचा. आत गिटारी होत्या, ड्रम होते आणि पुढचे चार तास कान किटेपर्यंत आवाज होणार होता. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, बाई परीक्षा घेतायत. त्यात फारसं चूक नव्हतं. मी मुलुंडच्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते आणि परीक्षेच्या दिवशी पोरांच्या मोज्यांतूनसुद्धा फोन काढलेले आहेत.

त्या गाळ्यात एक माणूस गायचा. त्याचं गाणं आता कुठेच नाही, आणि त्याला बऱ्याच अंशी मी जबाबदार आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी गमतीजमती सांगायला लागले तर कुणाचा गैरसमज नको.

सेहेचाळीस वर्षांची, चष्मा लावणारी, सुती कुर्ता घालणारी बाई पंक ऐकायला कशी काय जाते, असं स्टाफरूममध्ये मला अनेकदा विचारलं गेलं आहे. पंक म्हणजे काय ते मी माझ्या आईला एकदा समजावलं होतं. दोन-तीन सूर, भयंकर वेग, आणि मनात साठलेलं सगळं ओरडून बाहेर काढायचं. आई म्हणाली, मग त्यात नवीन काय? तिचं बरोबर होतं. मी घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत वाढले. आमचे लोक परभणीकडून आलेले. जयंतीला आमच्या गल्लीत स्पीकरची भिंत उभी राहायची आणि तिच्यापुढे उभं राहिलं की छातीचं हाड थरथरायचं. शाहीर घसा ताणून ताणून गायचे, आणि ते आपल्याबद्दलच गातायत हे मला पाचव्या वर्षी कळत होतं. मोठ्या आवाजाचं मला कधी वावडं नव्हतं. पुढे नोकरी लागली, मुलुंडला सोसायटीत घर झालं आणि टीव्हीचा आवाज पंधराच्या वर न्यायचा नाही असं आयुष्य सुरू झालं. भाचा एके रविवारी गाळ्यात घेऊन गेला तो मला चिडवायला. तो नंतर नोकरीसाठी बंगळुरूला निघून गेला. मी तिथेच राहिले.

गेल्या चार-पाच वर्षांत मी या उपनगरांत जे जे ऐकलं ते कुठल्या पेपरात आलं नाही. गोरेगावला स्टुडिओत लाइट उचलणाऱ्या चौघांचा एक बँड होता. दिवसभर दुसऱ्यांना उजेड दाखवून वैतागलेले ते लोक स्वतः मात्र काळोखात वाजवायचे. बोरिवलीच्या तीन मुली होत्या, त्यांचं एक गाणं म्हणजे सोसायटीच्या फलकावरची नोटीस होती, जशीच्या तशी. जिन्यात चपला ठेवू नयेत, गच्चीवर पापड वाळत घालू नयेत. ती नोटीस त्या अशा काही संतापाने ओरडायच्या की आम्ही हसायला लागायचो आणि मध्येच हसू थांबायचं. आमच्यातली रीत अशी की उड्या मारताना कुणी पडला तर सगळ्यांनी थांबायचं, त्याला उचलायचं, चष्मा शोधून द्यायचा आणि मग पुन्हा धक्काबुक्की सुरू. माझा चष्मा दोनदा सापडला आहे.

आणि तो. माहुलचा कोळी, पस्तिशीतला, अंगाने काटक. वडिलांची होडी होती, पण हा एसी दुरुस्तीच्या कामावर जायचा. बायको आणि आई मासळी विकायच्या. त्याचं गाणं ऐकायला आई कधी आली नाही, कारण मासळीबाजारात रविवारइतका धंदा दुसऱ्या कुठल्याच दिवशी होत नाही, आणि आमचे कार्यक्रम रविवारी दुपारी, कारण गाळ्यातली खोकी बनवायची मशीनं त्याच दिवशी बंद असायची. मशीनं ताडपत्रीखाली झाकलेली आणि त्यांच्या मधल्या जागेत हा उभा. त्याच्याकडे सूर होता असं मी म्हणणार नाही. पण तो तोंड उघडायचा तेव्हा मला डोंगरावरची ती भिंत आठवायची. त्याचं एक गाणं नुसतं भरती-ओहोटीचं होतं. त्या दिवशीची तिथी काय, भरती किती वाजता, सुकती किती वाजता, उधाणाची मोठी भरती की भांगाची लहान, एवढंच. वडिलांना सकाळी विचारून यायचा आणि दुपारी ते ओरडून सांगायचा. त्यामुळे ते गाणं दर वेळी वेगळं असायचं. खाडीपासून कोसभर लांब, पत्र्याखाली घामाघूम झालेली चाळीस माणसं पाणी कधी चढणार ते त्याच्याबरोबर ओरडायची. ते का आवडायचं, मला सांगता येणार नाही. मला ते फार आवडायचं.

फोनचा नियम त्याच्यामुळेच आला. त्याचं लग्न ठरलं होतं त्या सुमाराला कुणीतरी त्याचा एक व्हिडिओ पसरवला. उघडाबंब, जमिनीवर लोळत ओरडतोय, आणि वर कुणीतरी हसऱ्या चेहऱ्यांची रांग लावलेली. तो फिरत फिरत मुलीच्या काकांपर्यंत पोचला. पोराला फिट येते की अंगात येतं, एवढंच त्यांना विचारायचं होतं. लग्न मोडता मोडता राहिलं. त्यानंतरच्या रविवारी सगळ्या बँडनी मिळून ठरवलं की गाळ्यात फोन न्यायचा नाही, जे होईल ते इथेच राहील. दारावर कुणी बसायचं असा प्रश्न आला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला कोण अभिमान वाटला! इतके दिवस नुसती श्रोता होते, आता मला काम मिळालं होतं.

ते मी चोख केलं. एकदा एका मुलाने दुसरा फोन आत नेला आणि दोन मिनिटं रेकॉर्ड केलं. मी त्याला बाहेर काढलं, माझ्यासमोर ते पुसायला लावलं आणि पुसलेल्या गोष्टी जिथे महिनाभर पडून राहतात तिथूनही काढायला लावलं. पोरांची ही चलाखी मला परीक्षेमुळे माहीत होती. तेव्हा सगळे हसले होते आणि मीही हसले होते.

त्याचा घसा बसायला लागला तो एका गणपतीच्या आधी. इथे आमच्या लोकांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्या कुठल्याही गाण्यात घसा बसला तर गायकाला हळद-दूध देतात, गप्प बसवतात. आमच्यात घसा बसला तर पाठ थोपटतात. खरखर म्हणजे मेहनत, खरखर म्हणजे खरेपणा. दिवाळीपर्यंत त्याचा आवाज पार चिरफाळला होता आणि गाळ्यात एकमत झालं की तो आता कमाल गातो. लांबून, पार कल्याण-डोंबिवलीहून, पोरं फक्त त्याला ऐकायला यायला लागली. बोरिवलीच्या मुलींनी त्याला विचारलं की घसा असा करायला काय करावं लागतं. तो हसला. मी जवळच होते.

नाताळच्या सुट्टीतला रविवार होता. कार्यक्रम संपल्यावर खाली टपरीवर चहा पीत होतो. तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "ताई, तीन-चार महिने झाले, घसा काय सुटत नाय."

मी म्हणाले, "सुटायला कशाला पायजे रे? आता कुठे तुला खरा आवाज लागलाय."

तो बरं म्हणाला आणि चहा प्यायला. बस, एवढंच बोलणं. वर्गात एखादं पोर पंधरा दिवस खोकत असलं तर मी त्याच्या घरी फोन करते. त्या दिवशी माझ्यासमोर एक माणूस चार महिन्यांचं दुखणं सांगत होता आणि मी त्याला शाबासकी दिली. तो डॉक्टरकडे गेला होळीनंतर, तेही बायकोने हाताला धरून नेला तेव्हा. गिळताना दुखायला लागलं होतं.

पुढचं मला त्याच्या बँडमधल्या ड्रमरने फोन करून सांगितलं. स्वरयंत्रातच गाठ होती आणि ती वाढली होती. स्वरयंत्र पूर्ण काढावं लागणार होतं. लवकर आला असता तर कदाचित वाचलं असतं, असं मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. ड्रमर ते सहज म्हणून गेला. मी बरं म्हणून फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी तास घेताना फळ्यावर चालू गणितात तीनदा चुकले.

ऑपरेशननंतर दोन महिन्यांनी माहुलला त्याच्या घरी गेले. तो दारातच बसला होता. गळ्यावर खाली, हाडाच्या वर, श्वास घ्यायचं भोक, त्यावर जाळीचं फडकं. ते भोक बघायची हिंमत मला पहिली दहा मिनिटं झाली नाही. तो फोनवर टाइप करून दाखवायचा. गळ्याला लावायचं एक यंत्र मिळतं, त्याने बोलता येतं, पण ते मशीनसारखं बोलतं म्हणून त्याने ते कपाटात ठेवून दिलं होतं. ड्रमर म्हणाला होता म्हणे, ते लावून गा, पंक लोक वेडे होतील. हे टाइप करताना तो हसला, आणि त्याच्या हसण्यालाही आवाज नव्हता. त्याची अडीच वर्षांची मुलगी घरभर फिरत होती. ती बापाशी हातवारे करून बोलायची, आणि इतरांशी तोंडाने. इतक्या लवकर शिकली होती.

जाताना त्याने फोन माझ्यापुढे धरला. लिहिलं होतं, "ताई कुणाकडे माझं गाणं असेल का? एक पण चालेल. हिला आठवणार नाय."

बोलणं होतं म्हणे त्यांच्याकडे. बायकोच्या फोनवर येतोय, पोचलो, बर्फ आण, असे निरोप होते. लग्नाचा व्हिडिओ होता, पण त्यावर सगळीकडे बँडबाजा. गाणं मात्र एकही नव्हतं, लग्नाआधी पसरलेला तो व्हिडिओसुद्धा तेव्हाच सगळ्यांकडून पुसून घेतला होता. मी सांगितलं, शोधते. रिक्षात बसल्यावर मला एकदम कळलं की शोधायला जागाच नाही, कारण शोधायला काही ठेवू नये याची काळजी चार वर्षं मीच घेतली होती.

तरी शोधलं. पुढच्या रविवारी गाळ्यात दुसरे बँड वाजवत होते. मी क्रेट उलटा करून त्यावर उभी राहिले आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना सांगितलं की कुणी चोरून रेकॉर्ड केलं असेल तर मी रागावणार नाही, उलट पाया पडेन. सगळे खाली बघत होते. कुणाकडेच नव्हतं. माझा एवढा धाक होता याचं एके काळी मला कौतुक वाटलं असतं. तो दोन मिनिटंवाला मुलगा मागे उभा होता. तो पुढे आला नाही, आणि मी त्याच्याकडे पाहिल्यावर त्यालाच ओशाळल्यासारखं झालं. ते तर फारच लागलं. त्या दिवसापासून मी दारावर बसणं सोडलं. आता दारावर कुणी नसतं आणि लोक हात वर करून सगळं टिपत असतात. कुणाचंही काही बिघडलेलं नाही.

महिनाभराने बोरिवलीच्या मुलींपैकी एक, बेस गिटार वाजवणारी, मुलुंडला माझ्या घरी आली. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, ताई, ओरडू नका. तिने एकदाच, त्याच्या शेवटच्या कार्यक्रमाला, दारापाशी ठेवलेल्या गिटारच्या पेटीत जुना फोन चालू ठेवला होता. त्याची गाणी बसवून घ्यायची होती तिला. गाळ्यात विचारलं तेव्हा चाळीस जणांसमोर कबूल करायची लाज वाटली. मग आवाज फार वाईट आलाय म्हणून द्यावं की नाही यात एवढे दिवस गेले. मी तिला जवळ घेतलं. ती घाबरलीच, कारण मी तसं कधी करत नाही.

ती गेल्यावर मी कानात लावून ऐकलं. पेटीत ठेवल्यामुळे ड्रम म्हणजे नुसते धबके, पण गळा स्पष्ट होता. तो होता! सुरुवातीला मला इतका आनंद झाला की मी खोलीत फेऱ्या मारत ऐकत होते. भरतीचं गाणं होतं, त्या रविवारच्या वेळांसकट. मग दुसऱ्यांदा ऐकलं, बसून, आणि तेव्हा ऐकू आलं ते कुणालाही ऐकू यावं असं होतं. तो ओळ सुरू करायचा आणि अर्ध्यावर नुसती हवा यायची. दोन ओळींच्या मध्ये तो गिळायचा आणि गिळायला त्याला वेळ लागायचा. खोकला दाबायचा. ते गाणं नव्हतं, आजारी माणूस होता, आणि त्याच्यापुढे आम्ही चाळीस जण टाळ्या पिटत होतो.

सदतिसाव्या मिनिटाला तो थांबतो. बस झालं यार, असं म्हणतो, अगदी हळू. माइक खाली ठेवल्याचा आवाज येतो. मग पेटीच्या अगदी जवळून, म्हणजे दाराकडून, एक बाई ओरडते. "अजून एक! फाटू दे घसा!" मग बाकीचे तिच्यामागे ओरडायला लागतात आणि तो पुन्हा माइक उचलतो.

ती बाई मी आहे. तसं ओरडल्याचं मला आठवत नाही, पण वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज मी बावीस वर्षं वापरते आहे. तो ओळखायला चूक होणार नाही. टपरीवर त्याने मला सांगितलं होतं, त्यानंतरचा हा कार्यक्रम. मला माहीत होतं आणि मी ओरडले. मी ते आठ दिवस कुणाला दिलं नाही. रोज रात्री वाटायचं की त्या बेसवाल्या मुलीला सांगून ते वाक्य कापून टाकू आणि मग देऊ. काही सेकंदांचं तर होतं. पण परत काहीतरी पुसायला माझा हात धजेना.

शनिवारी माहुलला गेले. त्याची आई बाजारातून लवकर आली होती, बायको मुलीला भरवत होती. मी त्याला फोन दिला आणि आधीच सांगितलं की एका ठिकाणी माझा आवाज आहे. त्याने एक इअरफोन स्वतःच्या कानात घातला आणि एक आईला दिला. आईने पदर सारखा करून कानाशी धरला. ती पहिल्यांदाच ऐकत होती. थोड्या वेळाने तिने त्याच्याकडे बघून विचारलं की हा तूच का, आणि त्याने मान हलवली. मग आईच्या कानातला मुलीच्या कानात गेला. ती जरा वेळ गंभीरपणे ऐकत राहिली आणि म्हणाली की कुणीतरी रागावलंय. त्याने तिला स्वतःकडे बोट दाखवलं. तिचा विश्वास बसला नाही. ती खेळायला निघून गेली.

तो एकटाच पुढे ऐकत राहिला. सदतीस मिनिटं झाल्याचं मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, कारण त्याने वर बघितलं. मग टाइप केलं आणि दाखवलं. "सगळ्यांत जोरात तूच."

मग मी बोलले. जे आठ दिवस घोकलं होतं त्यातलं काही आलं नाही. मी म्हणाले, "तू मला सांगितलं होतंस. मी तुला डॉक्टरकडे पाठवायला पाहिजे होतं. मी शाबासकी दिली." आणि म्हणाले की तेवढं वाक्य आपण काढून टाकू, तुझ्या मुलीने ते का ऐकावं?

तो बराच वेळ टाइप करत होता. पुसायचा, पुन्हा लिहायचा. आईने चहा आणून माझ्यासमोर ठेवला. अखेर त्याने फोन माझ्या हातातच दिला.

"कापू नको. मी त्या दिवशी थांबणार होतो, दुखत होतं. तू मागितलंस म्हणून अजून एक गायलो. ते शेवटचं. तू नसती ओरडलीस तर तेवढं पण नसतं."

हे त्याने आभार मानायला लिहिलं होतं की मला कायमचं सुनवायला, हे मला त्याच्या डोळ्यांतून कळलं नाही, आणि आवाज असता तर आवाजावरून कळलं असतं. मी विचारलं नाही. चहा उचलला आणि गरम होता तरी सगळा प्यायले, कारण रडायचा हक्क त्या घरात ज्यांचा होता, त्यांच्यापैकी कुणीही रडत नव्हतं.